शेवटचं विधान गमतीचं असतं

कुलगुरू रायकेन्स यांनी प्रबंधाच्या पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे नाव इथे चालायचं नाही."

नाव होतं प्राध्यापक इझाक तुर्क्समा यांचं, आणि ते छापलं होतं मार्गदर्शकाच्या जागी. सहा वर्षं ज्या माणसाने फ्रौके बोटेमाला वाळूच्या टेकड्यांवर पोटावर रांगायला लावलं, हेल्म गवताची मुळं हातांनी उकरायला लावली, तिची प्रकरणं लाल शाईने रक्तबंबाळ करून परत पाठवली, त्याचं नाव तिथे नाही तर काय कोपऱ्यावरच्या पाववाल्याचं घालायचं?

फ्रौकेने नेमकं हेच विचारलं. कुलगुरूंना ते आवडलं नाही.

"युफ्राउ बोटेमा, नोव्हेंबरात काय हुकूम आला ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्यू प्राध्यापकांना कामावरून दूर केलंय. मी नाही केलं. जर्मनांनी केलंय. मला त्याचं दुःख आहे."

"दुःख आहे ते दिसतंय, सर. पण प्रबंध त्यांच्या हाताखाली झालाय. मे महिन्यात जर्मन फौजा आपल्या देशात शिरल्या तेव्हा माझं शेवटचं प्रकरण चाललं होतं. ते काय मी जर्मनांना विचारून लिहिलं?"

"पान नवीन छापून घ्या. मार्गदर्शक म्हणून प्राध्यापक क्रानेनबोर्ख यांचं नाव. प्रस्तावनेतले आभार काढा. आणि सभागृहात, भर सभेत, त्यांचं नाव तुमच्या तोंडून आपणहून निघता कामा नये. निघालं तर मी सभा तिथेच थांबवीन. पदवी नाही, काही नाही. शहरातल्या जर्मन कचेरीचे कान फार लांब आहेत."

फ्रौकेने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. भिंतभर जुने प्राध्यापक टांगलेले होते, गळ्याभोवती चुण्याचुण्यांच्या पांढऱ्या कॉलरी आणि चेहऱ्यावर अपचन. साडेतीनशे वर्षांपूर्वी या शहराने स्पेनच्या राजाला ठणकावून नाही म्हटलं, जोगिणींचा मठ रिकामा केला आणि त्यात हे विद्यापीठ थाटलं. ही गोष्ट दर वर्धापनदिनी हेच रायकेन्स डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. मेलेल्या राजाला नाही म्हणायला कुणाच्या बापाचं काय जातं?

"आणि विधानं?" तिने विचारलं. प्रबंधाबरोबर एक सुटा कागद जोडायचा, त्यावर आपली डझनभर विधानं छापायची, आणि त्यातलं कुठलंही परीक्षकांनी उचललं तरी भर सभेत लढवायचं, अशी तिथली जुनी रीत. पहिली विधानं आपल्या विषयाची, मग थोडी इकडची तिकडची, आणि शेवटचं गमतीचं. शेवटचं गमतीचं नसलं तर लोक म्हणतात, बाईला विनोद कळत नाही.

कुलगुरूंनी कागद वाचला. शेवटच्या विधानाशी आले आणि इतका वेळ आवळलेलं तोंड सैल झालं. विधान असं होतं: 'प्राध्यापकाची रिकामी खुर्ची विद्यार्थ्याचं जेवढं नुकसान करते, त्याहून जास्त नुकसान चुकीच्या माणसाने भरलेली खुर्ची करते.'

"हं! हे धर्मशास्त्रवाल्यांसाठी दिसतंय," ते हसले. "राहू द्या, राहू द्या. दर वर्षी कुणीतरी असलं काहीतरी लिहितंच."

खरंही होतं. फ्रौकेने ते गेल्या वसंतात लिहिलं होतं. तेव्हा सगळ्या खुर्च्या आपापल्या जागी होत्या आणि धर्मशास्त्राचे एक म्हातारे प्राध्यापक स्वतःच्याच व्याख्यानात झोपत असत. तिचा रोख त्यांच्यावरच होता.

तिथून ती तडक सायकलवर बसून तुर्क्समांच्या घरी गेली. कालव्याकाठचं अरुंद घर, दारात कुंड्या, कुंड्यांत गवत. दुसऱ्या कुणाच्या दारात ट्यूलिप असतात. यांच्या दारात गवत. तुर्क्समा अंगात दोन स्वेटर घालून बसले होते. कोळसा जपून वापरायचा होता. त्यांची बायको एस्तर स्वयंपाकघरात बीट सोलत होती.

"काय म्हणाला रायकेन्स?"

फ्रौकेने सांगितलं. सांगता सांगता आवाज चढला. शेवटी ती म्हणाली, "मी नाही घेत असली पदवी. खड्ड्यात गेली. घरी जाते आणि आईबरोबर चीज करते."

"चीज तुला येत नाही," तुर्क्समा म्हणाले. "तुझ्या आईने मला सांगितलंय. तू दूध नासवतेस."

"सर, मी गंभीरपणे बोलतेय."

"मीही. ऐक. माझं नाव काढ, पान छाप, पदवी घे. माझं शिकवणं बंद केलं, ग्रंथालयात पाऊल टाकायचं नाही, प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. त्या इमारतीत माझं म्हणून एकच काम उरलंय, ते तू. तू डॉक्टर झालीस तर ते काम पुरं होईल. त्यावर कुणाचं नाव आहे, गवताला फरक पडत नाही."

"मला पडतो."

"तुला काय पडतो ते मी विचारलं नाही!" त्यांचा आवाज एकदम फुटला. एस्तरच्या हातातली सुरी थांबली. मग ते हळू बोलले. "पोरी, हट्टाने पदवी घालवलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. शपथ घे."

फ्रौकेला रडू येत होतं आणि रडू आलं की तिला राग यायचा. "शपथ एवढीच घेते की आपणहून तुमचं नाव घेणार नाही. पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. तुम्हीच शिकवलंय ते, आता निस्तरा."

"कोण विचारतंय!" तुर्क्समा म्हणाले. "ते सगळे शहाणे आहेत. तोंडात मूग धरून बसतील."

पान छापलं गेलं. तुर्क्समांच्या जागी क्रानेनबोर्ख आले. हे क्रानेनबोर्ख शेवाळाचे प्राध्यापक. उंच, खांद्यात वाकलेले, तुर्क्समांचे वीस वर्षांचे मित्र, दर शनिवारी त्यांच्याकडे बुद्धिबळ खेळायला जाणारे. नोव्हेंबरापासून जाणं बंद झालं होतं. गवताबद्दल त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं कुठल्याही गायीला असतं.

प्रबंधाच्या सभेच्या आदल्या आठवड्यात त्यांनी फ्रौकेला जिन्यात गाठलं. "तुम्हाला माझा राग आला असेल."

"नाही सर. राग यायला माणसाची ओळख लागते."

ते लाल झाले. "मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कुणाला बसवलं असतं. जर्मनांची तळी उचलणाऱ्या त्या नव्या पक्षाच्या कुठल्या तरी माणसाला. त्यापेक्षा मी बरा, नाही का?"

"सगळे हेच म्हणतात, सर. त्यापेक्षा मी बरा, त्यापेक्षा मी बरा. असे बरे-बरे करत सगळ्या खुर्च्या भरल्या की मग वाईट माणसांना यायची गरजच राहणार नाही."

क्रानेनबोर्ख जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. फ्रौके खाली उतरली. प्राध्यापकाला असं बोलायची तिची पहिलीच वेळ होती. पण बोललं ते बोललं. सुटलेला बाण आणि सुटलेला शब्द, दोन्ही परत येत नाहीत.

सभेच्या दिवशी दुपारी कालवे गोठलेले होते. फ्रौकेची आई हिस्के गावाकडून पहिल्या आगगाडीने आली, मांडीवर टोपली, टोपलीत केक. महिनाभर लोण्याची कुपनं साठवून तिने तो भाजला होता आणि वाटेत शेजारच्या प्रवाशाने टोपलीकडे दोनदा पाहिलं म्हणून त्याच्याशी भांडली होती. फ्रौकेचा भाऊ वोब्बे आणि तिची मैत्रीण कॉर्नेलिया हे तिचे दोन पाठराखे. प्रबंध लढवणाऱ्याच्या मागे असे दोघं उभे करायचे, नवरीमागे पाठराखीण असते तसे. वोब्बेने लग्नातला कोट घातला होता. तो आता पोटावर बसत नव्हता.

"घाबरलीस का गं?" आईने विचारलं.

"नाही."

"खोटारडी. बोटं बघ कशी गार पडलीत." तिने तिची बोटं स्वतःच्या दोन्ही हातांत धरली आणि चोळली. "हे बघ, फ्रौके. तू काय लिहिलंस ते मला ओ की ठो कळत नाही. पण आपल्या घरात आजवर कुणी त्या दारातून आत गेलं नाही, दूध द्यायला सोडून. मान खाली घालू नकोस, म्हणजे झालं."

सभागृह म्हणजे जोगिणींचं जुनं प्रार्थनामंदिर. लोक खच्चून भरले होते. तुर्क्समांचे सगळे विद्यार्थी आले होते आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. दार उघडलं. आधी चोपदार, हातात चांदीच्या मुठीची काठी, काठीला घुंगरं. त्याच्यामागे काळे झगे आणि काळ्या टोप्या घातलेले प्राध्यापक दोन-दोनच्या जोडीने. सगळे उठून उभे राहिले. क्रानेनबोर्ख मार्गदर्शकाच्या खुर्चीत बसले, अगदी कडेला, जणू खुर्ची ओली आहे.

फ्रौके समोरच्या मंचावर चढली. तिथून सगळं दिसत होतं.

या सभेचे नियम सोपे. एक तास प्रश्न. प्रत्येक उत्तराआधी 'महाविद्वान प्रतिपक्षी' म्हणायचं, समोरचा कितीही ढ असला तरी. एकदा प्रश्न विचारला की उत्तर देणं बंधनकारक. आणि उत्तर चालू असताना मध्ये तोडायचा अधिकार कुणाला नाही, कुलगुरूंनाही नाही. तासभर झाला की चोपदार दारातून येतो, काठी आपटतो आणि लॅटिनमध्ये दोन शब्द म्हणतो: होरा एस्ट. वेळ झाली. त्यानंतर अर्धं वाक्य राहिलं तरी ते अर्धंच राहतं.

प्रश्न सुरू झाले. पहिल्याने मुळांची लांबी विचारली. दुसऱ्याने वाळूतल्या मिठाबद्दल विचारलं आणि स्वतःच उत्तर देऊन टाकलं. तिसऱ्याने तिच्या चौथ्या प्रकरणातली एक खरी फट पकडली. फ्रौके घामाघूम झाली, पण मागे हटली नाही. "महाविद्वान प्रतिपक्षी, तुमचं म्हणणं बरोबर आहे. तिथे मोजमाप कमी पडलंय. पण निष्कर्ष त्यावर उभा नाही." तो प्राध्यापक खूश होऊन बसला. खऱ्या परीक्षकाला बरोबर उत्तरापेक्षा सरळ उत्तर जास्त आवडतं. फ्रौकेला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं, कारण हे ज्यांनी ऐकायला हवं होतं ते दोन स्वेटर घालून घरी बसले होते.

क्रानेनबोर्खांनी काहीच विचारलं नाही. मार्गदर्शकाने विचारायचं नसतंच.

शेवटी उरले स्लोटमाकर. भूगर्भशास्त्राचे हे प्राध्यापक वयाने सगळ्यांत मोठे, पोटाने सगळ्यांत मोठे आणि स्वतःच्या मते विनोदानेही सगळ्यांत मोठे. चाळीस वर्षं त्यांची एक सवय होती. शेवटचा प्रश्न आपला ठेवायचा, तो गमतीच्या विधानावर विचारायचा, आणि विद्यार्थ्याला अशा वळणावर न्यायचं की त्याला परीक्षकांची स्तुती करावीच लागेल. मग सगळे हसतात, चोपदार येतो, सगळे जेवायला जातात. गावात दोन सैन्यं आली तरी स्लोटमाकर ही सवय सोडणार नाहीत अशी त्यांची ख्याती होती. आणि एक सैन्य आलेलंच होतं.

ते उठले. झगा सावरला. "मान्यवर उमेदवार! तुमचं शेवटचं विधान मला फार झोंबलं." सभेत थोडं हसू. "रिकामी खुर्ची बरी, पण चुकीच्या माणसाने भरलेली वाईट! वा! आता मी चाळीस वर्षं एका खुर्चीत बसलोय, आणि तुम्ही बघताय, ती चांगलीच भरली आहे." त्यांनी पोटावर थाप मारली. "तेव्हा मला सांगा, योग्य माणसाने भरलेली खुर्ची या विद्यापीठात तुम्ही कधी पाहिलीत का? असेल तर एक उदाहरण द्या. नावानिशी द्या! लाजू नका."

आणि हसत हसत ते खाली बसले.

सभेत कुणी हसलं नाही. स्लोटमाकरांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळ्यांत काहीतरी गडबडलं. त्यांनी कुलगुरूंकडे पाहिलं. कुलगुरूंचा चेहरा झग्याच्या कॉलरीइतका पांढरा पडला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण प्रश्न विचारला गेला होता, आणि विचारलेला प्रश्न मागे घ्यायची तिथे रीत नाही.

फ्रौकेने आईकडे पाहिलं. आईला काही कळलं नव्हतं, पण ती ताठ बसली होती.

"महाविद्वान प्रतिपक्षी," फ्रौके म्हणाली, "पाहिली आहे. तुम्ही नाव विचारलंत म्हणून सांगते. प्राध्यापक इझाक तुर्क्समा."

कुलगुरू अर्धवट उठले. मग उत्तर चालू आहे हे आठवून, किंवा सगळी सभा आपल्याकडे बघतेय हे पाहून, परत बसले. नाव आपणहून निघालं नव्हतं. ते मागवलेलं होतं.

"का, तेही सांगायला हवं, नाहीतर उत्तर अपुरं राहील," फ्रौके म्हणाली. "तिसऱ्या वर्षी मी टेकड्यांवर मोजमाप केलं. ते त्यांच्या पुस्तकाच्या विरुद्ध आलं. मी आठवडाभर कुणाला दाखवलं नाही. शेवटी भीत भीत नेऊन दिलं. ते एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात आले आणि म्हणाले, सगळ्यांनी माझं पुस्तक काढा. अमुक पान उघडा. हा परिच्छेद खोडा. पेन्सिलने नाही, शाईने. युफ्राउ बोटेमाने तो खोटा ठरवलाय. आणि सगळे खोडेपर्यंत ते उभे राहिले. इथे बसलेल्या कितीतरी जणांच्या पुस्तकांत ती काट अजून आहे."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "माझ्यात आहे." आणखी कुणीतरी म्हणालं, "माझ्यातही." कुलगुरूंनी टेबलावर हात आपटला.

"खुर्ची भरणं म्हणजे हे, महाविद्वान प्रतिपक्षी. या प्रबंधाच्या पहिल्या पानावर दुसरं नाव छापलंय. ते मी छापून घेतलं, मला तसं सांगितलं गेलं, आणि मी ऐकलं. त्याची मला लाज वाटते. हा प्रबंध तुर्क्समांचा विद्यार्थी लिहील तसा लिहिलाय. त्यातल्या चुका माझ्या आहेत आणि त्या शोधायची नजर त्यांची आहे. जे विद्यापीठ एका राजाला नाही म्हणून जन्माला आलं, त्याने आज—"

दार उघडलं. काठी फरशीवर आपटली, घुंगरं वाजली.

"होरा एस्ट!"

फ्रौकेने तोंड मिटलं. नियम तो नियम. पण कुणाला काही ऐकायचं राहिलं होतं असं वाटत नव्हतं.

परीक्षक मागच्या खोलीत गेले. एरवी ते चहा पिण्याइतका वेळ घेतात आणि हसत परत येतात. या वेळी दाराआडून कुलगुरूंचा आवाज येत होता. वोब्बे बहिणीच्या कानाशी लागला. "ताई, देतील का गं?"

"माहीत नाही."

"नाही दिली तर आईला तू सांग. मी नाही सांगत."

दार उघडलं. प्राध्यापक परत आले आणि आपापल्या जागी उभे राहिले. कुलगुरू कुणाकडे न बघता बोलले. "सभेने काही अनुचित उद्गारांकडे कानाडोळा करायचं ठरवलं आहे. उमेदवाराला डॉक्टर ही पदवी देण्यात येत आहे. प्राध्यापक क्रानेनबोर्ख, तुम्ही मार्गदर्शक या नात्याने सनद द्यावी."

म्हणजे मिळाली. ताकाला जाऊन भांडं लपवणारे हे लोक. नाकारली असती तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण लिहिलं की ते नाव पुन्हा लिहावं लागलं असतं. म्हणून दिली. फ्रौकेने ठरवलं, घ्यायची. तुर्क्समांनी शपथ घातली होती. क्रानेनबोर्खांच्या हाताकडे बघायचं नाही, कागद घ्यायचा आणि चालू पडायचं.

क्रानेनबोर्ख उठले. सनदेचा कागद दोन्ही हातांत धरला. सनद देण्याआधी मार्गदर्शकाने गौरवाचे चार शब्द बोलायचे असतात आणि ते ठरलेल्या वाक्याने सुरू होतात.

"सहा वर्षं माझ्या मार्गदर्शनाखाली..." ते थांबले.

पुन्हा सुरुवात केली. "सहा वर्षं माझ्या..."

त्यांनी कागद खाली टेबलावर ठेवला आणि तळहाताने सरळ केला. मग मान वर केली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच फ्रौकेने त्यांचे खांदे सरळ पाहिले.

"मी हिचा मार्गदर्शक नाही," ते म्हणाले. "मी हिला कधी एक ओळसुद्धा शिकवली नाही. मला हेल्म आणि ओट यांतला फरक कळत नाही. हिचे मार्गदर्शक तुर्क्समा आहेत."

"क्रानेनबोर्ख, बसा खाली!" कुलगुरू ओरडले.

"तेच म्हणतोय. त्या खुर्चीत मी बसणार नाही. विधान उमेदवाराने चांगलं लढवलंय. मी हरलो." ते फ्रौकेकडे वळले. "माझ्या हातून ही सनद दिली गेली तर तीही खोटी होईल. मला माफ करा. मी तुमची पदवी घालवतोय."

आणि ते खाली उतरले. मिरवणुकीच्या दाराने नाही, लोकांमधून, मधल्या वाटेने. झगा, टोपी तशीच. विद्यार्थी उठून उभे राहिले. टाळ्या नाहीत, काही नाही. नुसते उभे राहिले.

कुलगुरूंनी उरलेल्या प्राध्यापकांकडे पाहिलं. मार्गदर्शकाशिवाय सनद देता येत नव्हती. "कुणी... मार्गदर्शकाची जागा..." स्लोटमाकर छताकडे बघू लागले. तिसरा परीक्षक, चौथ्या प्रकरणाची फट पकडणारा, त्याने हात पाठीमागे बांधले. एक एक करून सगळे कुठे तरी बघू लागले. भ्याडपणा होता की दुसरं काही, कुणास ठाऊक. पण त्या खुर्चीकडे एकही पाऊल गेलं नाही.

"सभा तहकूब," कुलगुरू म्हणाले. सनद टेबलावरच राहिली.

बाहेर थंडी कापत होती. आई टोपली कवटाळून पायऱ्यांवर उभी होती. "मिळाली ना? आधी तो पांढरा माणूस देतो म्हणाला, मग तो उंच निघून गेला. मला काही समजेना."

"नाही मिळाली, आई."

लेक शिकायला आली तेव्हा हिस्केने तीन गायी विकल्या होत्या, आणि गावातल्या बायका अजून विचारत, झाली का गं तुझी डॉक्टर? ती लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"मग रडत का नाहीस?"

"माहीत नाही. रडू येत नाहीये."

"मला येतंय," आई म्हणाली आणि तिने रुमालात नाक शिंकरलं. "पण मान खाली घातली नाहीस. मी बघत होते. चल, हा केक घेऊन कुठे जायचं ते सांग. मी तो गावाला परत नेणार नाही."

फ्रौकेने सांगायची गरज नव्हती. ते तिघं कालव्याच्या काठाने चालत गेले. कॉर्नेलिया विद्यार्थ्यांबरोबर मागे राहिली होती. तुर्क्समांनी स्वतः दार उघडलं. त्यांनी फ्रौकेच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

"मूर्ख मुली!" ते म्हणाले. "काय सांगितलं होतं मी तुला? काय सांगितलं होतं?"

"मी आपणहून नाव घेतलं नाही, सर. स्लोटमाकरांनी विचारलं."

"तो गाढव! मग? सभा थांबवली?"

"नाही. पदवी दिली त्यांनी. क्रानेनबोर्ख देईनात. उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, मी हिचा मार्गदर्शक नाही. तुर्क्समा आहेत."

तुर्क्समांनी दाराची चौकट धरली. आतून एस्तर विचारत होती, कोण आहे, थंडी आत येतेय, दार लावा.

तेवढ्यात हिस्केने फ्रौकेला कोपरखळी मारली आणि मान वळवून दाखवलं. पुलावर क्रानेनबोर्ख उभे होते. काळा झगा वाऱ्याने फडफडत होता. पुढे यायचा धीर होत नव्हता आणि परत जायला जागा नव्हती. समोरच्या घराच्या खिडकीतला पडदा हलला. पलीकडच्या कोपऱ्यावर दोन जर्मन शिपाई सिगरेट ओढत होते, तेही बघत होते. ज्यू माणसाच्या दारासमोर झगा घातलेला प्राध्यापक, असं दृश्य त्या रस्त्यावर नोव्हेंबरापासून कुणी पाहिलं नव्हतं.

"सर, त्यांना खुणेने मागच्या दाराने बोलवू का?" फ्रौकेने हळूच विचारलं. "लोक बघतायत."

"मागच्या दाराने?" तुर्क्समा म्हणाले. त्यांनी तिला बाजूला सारलं, पायरी उतरून रस्त्याच्या मधोमध आले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "क्रानेनबोर्ख! अरे, ये की इकडे! कॉफी नाहीये, चिकोरीचं पाणी मिळेल. आणि ती टोपी काढू नकोस. पुढच्या दाराने ये, टोपी घालून ये!"